नेदरलँड्समधील जलमंडळे : पूरसंरक्षण व स्थानिक स्वशासन – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

नेदरलँड्सचा सुमारे २६ टक्के भूभाग समुद्रसपाटीखाली आहे. त्याचे रक्षण हा केवळ अभियांत्रिकीचा नव्हे, तर शासनसंस्थेचाही प्रश्न आहे. तेथे हे कार्य ‘वाटरस्खाप’ म्हणजेच प्रादेशिक जलमंडळे करतात. प्रस्तुत निबंधात या मंडळांच्या स्वायत्ततेचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार केला आहे.

उदय व स्वरूप :

मध्ययुगात दलदलीचा निचरा करून शेती सुरू झाली. परंतु निचऱ्यामुळे जमीन खचू लागली आणि बांध घालणे अपरिहार्य ठरले. एकाचा बांध फुटल्यास सर्वांची शेते बुडत, म्हणून देखभाल सामुदायिक व सक्तीची झाली. १२५५ साली हॉलंडचा काउंट दुसरा विल्यम याने राइनलंड मंडळाच्या अधिकारांस मान्यता दिली. आपल्या वाट्याचा बांध राखण्यास असमर्थ ठरलेला जमीनधारक बांधात फावडे रोवून जमिनीवरील हक्क सोडीत असे. ज्याचे हितसंबंध गुंतले आहेत त्याने कर द्यावा आणि कर देणाऱ्यास निर्णयात वाटा असावा, हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व होय.

१९५३ ची कसोटी :

१७९८ मध्ये केंद्रीय जलखाते स्थापन झाले, तरी स्थानिक मंडळे टिकून राहिली. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राच्या उधाणाने नैर्ऋत्येकडील बांध फोडले व १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. बांध अपुरे असल्याचा इशारा केंद्रीय खात्यातील अभियंता योहान व्हान व्हेन याने आधीच दिला होता. परंतु युद्धोत्तर पुनर्बांधणीच्या काळात त्याकडे दुर्लक्ष झाले. लहान मंडळांजवळ पुरेसा निधी व तांत्रिक बळ नव्हते. त्यानंतर डेल्टा प्रकल्पाचा भार केंद्राने उचलला आणि मंडळांच्या एकत्रीकरणास वेग आला. तेव्हा सुमारे अडीच हजार असलेली मंडळे २०१८ पासून २१ आहेत.

समारोप :

एकत्रीकरणाने क्षमता वाढली, परंतु मतदार दुरावला. मतदान अत्यल्प होत असल्याने २०१५ पासून मंडळांच्या निवडणुका प्रांतिक निवडणुकांसोबत घेतल्या जातात. १९९५ च्या नदीपुरात सुमारे अडीच लाख लोकांस हलवावे लागले. त्यानंतर बांध उंचावण्याबरोबरच नदीस जागा देण्याचे धोरण आले आणि काही शेतकऱ्यांना आपल्या जमिनी सोडाव्या लागल्या. असा त्याग केवळ आदेशाने मागता येत नाही. त्यासाठी निर्णयात सहभाग लागतो. केंद्राचे अर्थबळ आणि स्थानिकांची जबाबदारी ही परस्परांस पर्याय नसून पूरक आहेत, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.