भिक्षापात्रातील शिते

वर्षावासाचा नियम बौद्ध संघात कसा आला, याची जी हकीकत विनयपिटकात दिली आहे ती मोठी मार्मिक आहे. प्रारंभी भिक्षू बारमाही फिरत. पावसाळ्यात त्यांच्या पायांखाली कोवळे गवत तुडवले जाई, लहानसहान जीव चिरडले जात. लोक कुरकुरू लागले. इतर पंथांचे साधू या दिवसांत एका जागी राहतात, पाखरेसुद्धा झाडांच्या शेंड्यांवर घरटी करून बसतात. मग या शाक्यपुत्रांनाच एवढी घाई कसली? तक्रार बुद्धांच्या कानी गेली आणि तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. आता ही तक्रार करणारे लोक कोण? बहुधा तेच, जे रोज सकाळी भिक्षापात्रात भात घालीत. ज्याच्या घरचे खायचे त्याच्या शेताला आणि शेतातल्या जिवांना जपायचे, हा धडा संघाला प्रथम शिकवला तो गृहस्थांनी.

भिक्षूचे जिणे सर्वस्वी दुसऱ्याच्या हातावर अवलंबून. त्याने जमीन खणायची नाही, झाडपाला तोडायचा नाही, स्वतः रांधायचे नाही, आजचे उद्यासाठी ठेवायचे नाही आणि मध्यान्हानंतर जेवायचे नाही. ‘सेखिय’ नावाचे शिष्टाचाराचे जे 75 नियम आहेत, त्यांतले 30 केवळ अन्न घेण्याचे व खाण्याचे आहेत. भिक्षा आदराने घ्यावी, घेताना नजर पात्रावर असावी, पात्र काठोकाठाच्या वर भरून घेऊ नये. वरवर पाहता हे पंक्तीतल्या रीतिभातीचे नियम वाटतात. पण त्यांच्या मुळाशी एक जाणीव आहे : हे अन्न आपले नाही.

गंमत अशी की भिक्षू दात्याचे आभार मानीत नाही. तो अनुमोदन करतो, दात्याच्या पुण्याला होकार देतो. यामुळे काही पाश्चात्त्य वाचकांना त्यात रुक्षपणा दिसला. मला तसे वाटत नाही. पाली वाङ्मयात कृतज्ञतेसाठी ‘कतञ्ञुता’ आणि ‘कतवेदिता’ असे दोन शब्द जोडीने येतात. पहिल्याचा अर्थ केलेले जाणणे, दुसऱ्याचा अर्थ ते जाणले हे वागण्यातून दिसू देणे. आपण होऊन उपकार करणारा आणि केलेले जाणणारा, ही दोन्ही माणसे जगात दुर्मिळ, असे अंगुत्तरनिकायात म्हटले आहे. तोंडदेखल्या आभारापेक्षा ही कसोटी कठीण आहे.

पण एका शेतकऱ्याने बुद्धांना जो प्रश्न विचारला तो याहूनही कठीण होता. मगधातील एकनाळा गावी कसिभारद्वाज नावाच्या ब्राह्मणाची पेरणी चालली होती. पाचशे नांगर जुंपलेले, मजुरांना जेवण वाढले जात होते. तेथे बुद्ध भिक्षेला उभे राहिले. भारद्वाज म्हणाला, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तूही तसेच कर. बुद्धांनी उत्तर दिले की मीही शेती करतो; श्रद्धा हे माझे बी आणि प्रज्ञा हा माझा नांगर. ब्राह्मण प्रसन्न झाला, पायस पुढे केले. पण उपदेशाच्या मोबदल्यात मिळणारे अन्न बुद्धांनी घेतले नाही. उत्तर सुंदर आहे खरे. तरीही ज्याच्या हाताला नांगराचे घट्टे पडले आहेत त्याचे समाधान तेवढ्याने होते का, हा प्रश्न उरतोच. पुढे हजार-बाराशे वर्षांनी तो चीनमध्ये पुन्हा उभा राहिला. त्याकडे आपण येऊच.

अन्नात केवळ श्रम नसतात, जीवही असतात. याविषयी संयुत्तनिकायात एक भयंकर दृष्टांत आहे. एक जोडपे एकुलत्या एका मुलाला घेऊन वाळवंट ओलांडीत असते. शिदोरी संपते. शेवटी मुलाचेच मांस खाऊन ती दोघे छाती पिटीत पलीकडे पोचतात. बुद्ध भिक्षूंना विचारतात : ते मांस त्यांनी चवीसाठी खाल्ले असेल काय, की केवळ वाट संपवण्यासाठी? घासाघासाला अन्नाकडे तसे पाहावे. हा दृष्टांत जेवणाच्या वेळी सांगण्याजोगा नाही. पण दुसऱ्याच्या जिवावर आपण जगतो, हे याहून उघडपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

असे असूनही बुद्धांनी संघावर शाकाहार लादला नाही. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, असे मांस भिक्षेत आले तर चालेल, एवढीच मर्यादा घातली. देवदत्ताने मासे व मांस पूर्ण वर्ज्य करण्याची मागणी केली, ती त्यांनी नाकारली. भिक्षेकऱ्याने निवड करायची नाही, हे त्यामागचे एक तत्त्व. आपल्याकडे धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मांसाहाराचा प्रश्न निर्भीडपणे मांडला आणि त्यावरून मोठे वादळ उठले, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. बुद्धांचे अखेरचे भोजन पावा येथील चुंद नावाच्या धातुकाम करणाऱ्याच्या घरचे. त्यातले ‘सूकरमद्दव’ म्हणजे डुकराचे मांस की एखादी कंदवर्गीय भाजी, यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. मला त्यापुढची हकीकत अधिक मोलाची वाटते. भोजनानंतर दुखणे बळावले. आपल्यामागे लोक चुंदाला दोष देतील, हे ओळखून बुद्धांनी आनंदाला निरोप दिला : ज्ञानप्राप्तीपूर्वीची भिक्षा आणि परिनिर्वाणापूर्वीची भिक्षा, या दोन्हींचे फळ सारखेच, असे त्याला सांग. मरणाच्या दारात असलेला पाहुणा यजमानाच्या मनाची काळजी वाहतो आहे!

राजांच्या बाबतीत नुसती भावना पुरत नाही, तेथे आकडे लागतात. अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात ते दिले आहेत. पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जात, आता केवळ तीन मारले जातात : दोन मोर व एक हरिण, तेही नेहमी नाही, आणि पुढे हेही तीन मारले जाणार नाहीत. लाखोंचा आकडा आलंकारिक धरला तरी तिनाचा आकडा प्रामाणिक वाटतो. आपले काम अजून अपुरे आहे, हे दगडावर कोरून ठेवणारा राजा विरळाच.

आपल्या नाशिकच्या लेण्यांत हिशेब आणखी बारीक आहे. नहपानाचा जावई उषवदात याने लेणे खोदवले आणि 3000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांतील 2000 वर दरमहा शेकडा 1 व्याज. म्हणजे वर्षाला 240. त्यातून तेथे राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी. उरलेल्या 1000 वर शेकडा पाऊण टक्का, तो इतर किरकोळ खर्चासाठी. जेवणासाठी मात्र त्याने पैसा न ठेवता शेत दिले. अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून 4000 कार्षापणांना ते विकत घेतले. त्याच्या उत्पन्नातून लेण्यात राहणाऱ्या, चारही दिशांकडून आलेल्या भिक्षूंच्या मुखी अन्न पडावे, असे लेख सांगतो. कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा त्याचा लेख तेथील चैत्यात आहेच. दात्याचे नाव आले, विकणाऱ्याचे आले, श्रेणींचे आले. ते शेत कसणाऱ्याचे नाव मात्र लेखात नाही.

चीनमध्ये धर्म गेला तेव्हा ही व्यवस्था तेथे पुरती रुजली नाही. धडधाकट माणसाने भीक मागणे तेथे हलके समजले जाई. आठव्या शतकात पाइचांग (720–814) या आचार्याच्या मठात भिक्षू स्वतःच शेतात उतरले. म्हातारपणी शिष्यांनी त्याची अवजारे लपवून ठेवली, तेव्हा काम नाही म्हणून तो जेवलाही नाही. भारद्वाजाला अखेर उत्तर मिळाले म्हणायचे! पण ते फुकट मिळाले नाही. जमीन खणायची म्हणजे किडामुंगी मरणार. गवत कापणे, झाड तोडणे, जमीन खणणे यांत पाप आहे काय, असे शिष्याने विचारले. पाप आहेच असेही म्हणता येत नाही आणि नाहीच असेही म्हणता येत नाही. करणाऱ्याच्या मनात लोभ किती, यावर ते ठरते, असे पाइचांगचे म्हणणे. उत्तर सावध आहे, आणि मला वाटते, प्रामाणिकही आहे.

याच परंपरेतून जेवणापूर्वीच्या पाच चिंतनांचा पाठ रूढ झाला. हे अन्न कोठून आले व त्यामागे किती श्रम आहेत, ते घेण्याची आपली पात्रता आहे का, मनात लोभ नाही ना, हे औषध समजून आपण घेतो ना, आणि साधनेसाठीच घेतो ना. जपानी आचार्य दोगेन (1200–1253) तरुणपणी चीनला गेला. तेथे जहाजावर अळंबी विकत घ्यायला आलेल्या एका वृद्ध मुदपाक्याने त्याला स्वयंपाक हीच साधना हे शिकवले. परतल्यावर त्याने 1237 मध्ये मठाच्या मुदपाक्यासाठी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या एइहेइजी मठात जेवण झाल्यावर पात्र गरम पाण्याने धुऊन ते पाणी पितात. जेवणापूर्वी भाताची काही शिते, फार तर सात, भुकेल्या प्रेतयोनींसाठी बाजूला काढतात. पानाभोवती चित्राहुती घालणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे परके वाटणार नाही. जपानी माणूस आजही जेवणाआधी ‘इतादाकिमासु’ म्हणतो. शब्दाचा मूळ अर्थ मस्तकी धारण करणे. आपल्या ‘शिरसावंद्य’चाच तो सोयरा.

मात्र कृतज्ञतेची एक पळवाटही होऊ शकते. मारायचे आणि मग हात जोडायचे, यात मन लवकर निर्धास्त होते. जपानच्या पश्चिमेस नागातो भागातील कायोई गावी देवमासे मारणाऱ्या कोळ्यांनी 1692 मध्ये एक समाधी उभारली. मारलेल्या माद्यांच्या पोटात जे गर्भ सापडत, ते खाण्याऐवजी तेथे पुरत. असे सत्तराहून अधिक गर्भ तेथे पुरले आहेत. जवळच्या मंदिरात माणसांप्रमाणे देवमाशांचीही मृतनोंद ठेवीत आणि त्यांना मरणोत्तर नावे देत. शिकार थांबली नाही, कारण गावाचे पोट तिच्यावर होते. समाधीचा दगड समुद्राकडे तोंड करून आहे. त्या गर्भांना समुद्र दिसावा म्हणून तो तसा बसवला, असे म्हणतात.