पाव, मेणबत्ती आणि कापड

विमानाच्या शेपटीवरची रंगसंगती, रेल्वेइंजिनाचा ठरलेला रंग, बड्या हॉटेलच्या दरवानाचा झुलीसारखा कोट. इंग्रजीत या तिन्हींना ‘लिव्हरी’ म्हणतात. यकृताशी तिचं काही नातं नाही. ती ‘डिलिव्हरी’ची चुलत बहीण. लॅटिन ‘लिबेरारे’ म्हणजे मोकळं करणं. फ्रेंचांनी त्याच क्रियापदाला सुपूर्द करणं, हवाली करणं हा अर्थ दिला आणि ‘लिव्रे’ म्हणजे हवाली केलेली वस्तू झाली. नॉर्मनांची फ्रेंच इंग्लंडात रुळली, तिच्यासोबत हा शब्दही तिथे गेला.

हवाली काय व्हायचं? सरदाराच्या पदरी असलेल्यांना पाव, एल नावाची बिअर, मेणबत्त्या, सरपण आणि अंगावरचं कापड, घोड्यांना वैरण. घोड्यांपुरता तो अर्थ अजून टिकून आहे. ब्रिटनमध्ये पैसे भरून दुसऱ्याच्या पागेत ठेवलेला घोडा आजही ‘लिव्हरीवर’ असतो. माणसांच्या वाट्याला मात्र नुसते कपडे उरले. मला यात नवल वाटत नाही. पाव पोटात गेला की कुणाचा होता ते कळत नाही. कापड चारचौघांत धन्याचं नाव सांगतं.

नेमकं हेच पुढे राजांना खुपू लागलं. चौदाव्या शतकात सरदार आपल्या रंगाचे कपडे आणि बिल्ले घरच्या नोकरांपलीकडे वाटेल त्याला वाटू लागले. बिल्ला घेणाऱ्याने धन्याच्या भांडणात उतरायचं आणि धन्याने त्याला कोर्टकचेरीत पाठीशी घालायचं, असा तो व्यवहार. साक्षीदार आणि पंच दबू लागले. १३९० मध्ये दुसऱ्या रिचर्डने यावर निर्बंध घातले, पण स्वतःचा पांढऱ्या हरणाचा बिल्ला वाटणं काही सोडलं नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ‘विल्टन डिप्टिक’ नावाचं त्याचं चित्र आहे. त्यात मेरीभोवतीच्या देवदूतांच्या छातीवरही तेच हरीण! सातव्या हेन्रीने १५०४ मध्ये कायदा आणखी आवळला. १५०७ मध्ये केंट परगण्यात ४७१ माणसं बेकायदा पदरी बाळगल्याबद्दल लॉर्ड बर्गाव्हेनीला सुमारे ७०,००० पौंड दंड झाला. एवढी रक्कम फेडणं त्याला शक्यच नव्हतं. हेन्रीला पैशापेक्षा त्याच्या गळ्यात दोरी हवी असणार.

लंडनच्या व्यापारी संघांना लिव्हरी चांगली मानवली. कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधले पाच कारागीर एकाच संघाच्या पोशाखात यात्रेला निघतात. शिंपी आणि कातडी-फरवाले यांच्या संघांत मिरवणुकीत पुढे कोण, यावरून वैर होतं. १४८४ मध्ये महापौर बिलेसडेन यांनी निवाडा दिला: सहावा आणि सातवा क्रमांक दोघांनी वर्षाआड वाटून घ्यावा. तो आजही पाळला जातो. अशा ‘लिव्हरी कंपन्या’ आता शंभराहून अधिक आहेत आणि लंडन सिटीच्या लॉर्ड मेयरच्या निवडणुकीत त्यांच्या सभासदांना मत असतं.

आपल्याकडे लिव्हरी आली सरकारी कारभारातून. तिची खूण म्हणजे चपरास, पट्ट्यावरचा पितळी बिल्ला. तो लावणारा चपराशी आणि आपला पट्टेवाला. केंद्र सरकारच्या नियमांत शिपाई-ड्रायव्हरांच्या कपड्यांना ‘लिव्हरी’च म्हणत, वर धुलाई भत्ताही मिळे. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ पासून, अनेकांना त्याऐवजी वर्षाचा पोशाख भत्ता मिळतो. कापड ज्याने त्याने आणायचं, शिलाईही त्यातच.