नगर व्यवस्थापक

नगर व्यवस्थापक : अमेरिकेतील अनेक शहरांत, निवडून आलेल्या नगर परिषदेने नेमलेला पगारी मुख्य प्रशासक. या पदाचा उगम व्हर्जिनियातील स्टाँटन गावी १९०८ साली झाला. पद्धतीचा बोलबाला मात्र ओहायोतील डेटनमुळे झाला. मार्च १९१३ च्या महापुरात हे शहर बुडाले, जुन्या कारभाराचे पितळ उघडे पडले आणि नव्या सनदेनुसार १९१४ मध्ये हेन्री वेट हा अभियंता पहिला व्यवस्थापक झाला. आज डॅलस, फिनिक्स, सॅन अँटोनियो यांसारख्या मोठ्या शहरांतही हीच पद्धत आहे.

धोरण परिषदेने ठरवायचे आणि अंमल व्यवस्थापकाने करायचा, अशी ही वाटणी. अंदाजपत्रकाचा मसुदा, खातेप्रमुखांच्या नेमणुका, पाणी, रस्ते, कचरा हे सारे त्याच्याकडे. परिषदेच्या बैठकीत तो बोलतो, पण त्याला मत नसते. आपल्या वॉर्डातला खड्डा बुजवा, असे नगरसेवकाने थेट अभियंत्याला फर्मावणे बऱ्याच सनदांना मान्य नाही. सांगणे व्यवस्थापकामार्फतच जाते. कागदावर स्वच्छ दिसणारी ही रेषा व्यवहारात पुसट होते, कारण अंदाजपत्रक मांडणारा माणूस धोरणापासून अलिप्त राहूच शकत नाही.

मराठी वाचकाला येथे महापालिका आयुक्त आठवेल. पण साम्य वरवरचे. मुंबईत १८८८ च्या अधिनियमानुसार आयुक्त राज्य सरकार नेमते. त्याला हटवण्यासाठी एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश मते लागतात. अमेरिकेतील व्यवस्थापकाला बहुतेक ठिकाणी साधे बहुमतही घरी पाठवू शकते.