जप्त कागदांची साक्ष

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आजचा वाशीम जिल्हा अकोला जिल्ह्याचा भाग होता आणि सबंध वऱ्हाडात भारत संरक्षण नियमांचा अंमल होता. १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीतील बंदी घातलेले पत्रक नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरे. अशी पत्रके टिकावीत कशी? पण जप्त प्रती सरकारनेच दप्तरी लावल्या. दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनची ब्रिटिश लायब्ररी यांच्या जप्त साहित्याच्या संग्रहांत मराठी मजकूरही आहे.

येथे पत्रकांना भिणारे ब्रिटिश सरकार जर्मनीवर मात्र विमानांतून पत्रके टाकीत होते. म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी प्रवचनातून मनोरुग्णांच्या हत्येचा निषेध केला. श्रद्धावंतांनी त्याच्या प्रती गुपचूप उतरवून घेतल्या. ब्रिटिश विमानांनीही त्यांच्या प्रवचनांची पत्रके टाकली. शत्रूने प्रचारासाठी वापरले म्हणून बिशपांचे सत्य असत्य झाले नाही.

पत्रक कोणी वाटले यावरून नव्हे, तर त्यात काय लिहिले आहे यावरून त्याचे खरेखोटे ठरते. त्यासाठी मूळ कागद उरावा लागतो. म्हणून घरच्या जुन्या पेटीतील जीर्ण पत्रक रद्दीत घालू नये. ते कोणी, का जपले, हे लिहून ठेवावे.