पडदा, नट आणि घरातला म्हातारा

आज आपल्याला एका जपानी चित्रपटाबद्दल आणि एका मराठी नाटकाबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू.

भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे, आणि भरहुतच्या कठड्यावर जातककथा कोरलेल्या आहेत. तेव्हा त्या काळी इथल्या माणसांना जातककथा परक्या नव्हत्या, असं म्हणायला हरकत नाही. जातकसंग्रहात तक्कल जातक नावाची कथा आहे. बायकोच्या सांगण्यावरून एक जण म्हाताऱ्या बापाला गाडीत घालून स्मशानात नेतो आणि पुरण्यासाठी खड्डा खणतो. सोबत त्याचा सात वर्षांचा मुलगा असतो. तो शेजारी दुसरा खड्डा खणायला लागतो. कशासाठी, असं विचारलं तर म्हणतो, तुम्ही म्हातारे झालात की तुमच्यासाठी! बापाचे डोळे उघडतात आणि गाडी घरी परतते.

म्हाताऱ्या माणसांना टाकून देण्याच्या अशाच दंतकथा जपानात आहेत. त्यांवरून शिचिरो फुकाझावा यांनी 1956 साली एक कथा लिहिली आणि 1958 मध्ये केइसुके किनोशिता यांनी तिच्यावर ‘नारायामा’चा चित्रपट काढला. गाव दरिद्री, धान्य अपुरं. सत्तरी गाठली की म्हातारा माणूस मुलाच्या पाठीवर बसून नारायामाच्या डोंगरावर जायचा आणि तिथेच मरायचा, हा तिथला रिवाज. ओरिन ही म्हातारी जायला आतुर आहे. म्हातारपणीही दात शाबूत, म्हणून लोक हसतात; तेव्हा ती दगडावर आपटून स्वतःचे दात पाडून घेते. न्यायला तयार नसतो तो तिचा मुलगा तात्सुहेई. शेजारच्या घरात नेमकं उलटं. तिथल्या म्हाताऱ्याला जगायचंय आणि त्याचा मुलगा त्याला दोरीने बांधून ओढत नेतो.

आता ही गोष्ट किनोशिता सांगतात कशी, ते बघा. चित्रपट सुरू होतो तो उभ्या पट्ट्यांच्या काबुकी पडद्यासमोर. काळ्या कपड्यातला, चेहरा झाकलेला माणूस येऊन खेळाची वर्दी देतो. आपल्याकडच्या सूत्रधाराचा हा लांबचा भाऊच. पुढे शामिसेन या तंतुवाद्याच्या साथीने गायक कथा सांगत राहतो. डोंगर, ओढा, झाडं, जवळजवळ सगळं स्टुडिओत उभारलेलं. प्रसंग बदलला की मागचा देखावा खाली पडतो आणि दुसरी जागा दिसते. राग आला की आभाळ लाल होतं.

एवढा खोटेपणा कशासाठी? शोहेई इमामुरा यांनी 1983 मध्ये हीच कथा खऱ्या डोंगरात, खऱ्या चिखलात चित्रित केली आणि कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. तोही मार्ग होताच. आमच्या मते किनोशितांचं कारण असं: घरात आईचं काय चाललंय हे उघड्या डोळ्यांनी बघायची आपली तयारी नसते, आपण दार लोटून घेतो. पडदा उघडला की मात्र आपण बघतो, कारण ते ‘नाटक’ असतं. आणि मग अगदी शेवटी किनोशिता रंग काढून घेतात. कृष्णधवल चित्र, खरी आगगाडी, खरं स्टेशन, पाटीवर नाव ‘ओबासुते’, म्हणजे म्हातारीला टाकायची जागा. नाटक संपलं, जागा तशीच राहिली.

आता आपल्याकडे येऊ. वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ 23 डिसेंबर 1970 रोजी रंगभूमीवर आलं. गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते. 2016 साली महेश मांजरेकरांनी नाना पाटेकरांना घेऊन त्याचा चित्रपट केला. निवृत्त नट होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकतो. मग मुलाच्या घरात नकोसा होतो. मुलीच्या घरात तर चोरीचा आळ येतो, आणि नवराबायको रस्त्यावर येतात. धागा ‘किंग लिअर’चा आहेच.

पण शैलीचा प्रश्न विचारा म्हणजे दोन्ही कलाकृतींतला फरक कळतो. ‘नारायामा’त अख्खं गाव नाटकात आहे, त्यामुळे ओरिन कुणाला विचित्र वाटत नाही. तिला भूमिका आहे. भयंकर आहे, पण आहे, आणि ती चोख वठवून ती जाते. बेलवलकरांच्या घरात मात्र नाटकात एकटा म्हातारा. बाकीचे साध्या गद्यात बोलतात. हा आवाज काल शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा, त्याला टाळ्या मिळायच्या. आज तोच आवाज दिवाणखान्यात गोंगाट ठरतो. रंगभूमी त्या माणसाच्या आत शिल्लक राहिली आणि बाहेर तिला जागा उरली नाही. म्हणून तो शेवटी आपल्या जुन्या भूमिकांची नावं घेत मरतो.

यावर कुणी म्हणेल, आता कायदा आहे. आहे ना! आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा मुलांकडून दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळवून देऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परतही घेता येते. बेलवलकरांनी अट घातली नव्हती. घातली असती तर घर परत मिळालं असतं. पण ऐकणारं माणूस? ते कोणत्या कलमाने मिळणार?

आपल्या जालना जिल्ह्यातून दिवाळीनंतर हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने गावात कोण राहतं? म्हातारी माणसं, आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं. शाळेचा डबा, ताप आला तर दवाखाना, शेळ्या, पाणी, सगळं त्यांच्या अंगावर. इथे म्हातारपणाला भूमिका आहे, आणि ती चांगली जड आहे. पण तिच्यावर उजेड टाकणारं कुणी नाही. पुढच्या वेळी कुणी ‘नटसम्राट’ बघून डोळे पुसत घरी आलं, तर आमची एवढीच विनंती आहे: त्या रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ थोडा वेळ बसा आणि तो काय बोलतो ते ऐका. शंभरदा ऐकलेलं असलं तरी ऐका.