गाण्यांची खतावणी



दिवाळीच्या आधी माळे रिकामे होतात तेव्हा बहुतेक घरांत एक खोकं खाली येतं. सासऱ्यांच्या रेकॉर्ड, नणंदेच्या कॅसेट, कुणाच्या तरी लग्नात मिळालेल्या सीडी. प्लेअर कधीच बंद पडलेला असतो, मुलं म्हणतात सगळं मोबाईलवर मिळतं, आणि खोकं रद्दीवाल्याकडे जातं. ठेवायचं की द्यायचं हे ज्या त्या घरानं ठरवावं. पण देण्याआधी त्याची नीट यादी करा, एवढंच मला सांगायचं आहे. आपल्या देशातल्या गाण्यांचा इतिहास बघितला तर त्यातला केवढा तरी भाग अशा घरगुती याद्यांमुळेच हाती राहिला आहे. आणि त्यात बायकांची नावं फार आहेत.

नाव मोठ्यानं सांगणाऱ्या गायिका

फ्रेड गेसबर्ग हा अमेरिकन तंत्रज्ञ ग्रामोफोन कंपनीतर्फे १९०२ साली कलकत्त्याला आला आणि त्या नोव्हेंबरात त्यानं इथली गाणी मुद्रित केली. त्यातली सर्वांत गाजलेली गायिका म्हणजे गौहर जान. तिच्या जुन्या रेकॉर्ड ऐकल्या तर गाणं संपताना ती इंग्रजीत आपलं नाव सांगताना ऐकू येते. आज आपल्याला त्याची गंमत वाटते, पण त्यामागं व्यवहार होता. त्या वेळी तबकड्या आपल्याकडे तयार होत नसत. मूळ मुद्रण बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जायचं. तिथल्या कारागिराला ना भाषा कळायची, ना आवाज ओळखता यायचा. मग लेबलवर नाव कुणाचं घालायचं? म्हणून गाणारीनंच ते सांगून ठेवायचं. कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला तो १९०८ साली.

म्हणजे आपल्याकडे मुद्रित गाण्यांच्या नोंदीची सुरुवातच गायिकेच्या स्वतःच्या तोंडून झाली. पहिल्या काळातल्या कितीतरी गायिका अशा होत्या, की ज्यांना समाजानं मैफलीत ऐकलं पण घरात जागा दिली नाही. त्यांची चरित्रं फारशी कुणी लिहिली नाहीत. जानकीबाई अलाहाबादवाली काय, झोहराबाई आग्रेवाली काय, त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीतून.

नावापुढं गाव का लावायचं, हेही इथंच कळतं. झोहराबाई आग्रेवाली १९१३ साली वारल्या. १९४४ च्या ‘रतन’ चित्रपटात गायल्या त्या झोहराबाई अंबालेवाली. यादीत नुसतं ‘झोहराबाई’ लिहिलं तर दोन बायकांची आयुष्यभराची मेहनत एकाच खात्यावर जमा होते.

रेकॉर्डवरचे दोन नंबर

दुकानाच्या वह्या पाहत वाढलेल्या आपल्याला ही गोष्ट पटकन समजेल. जुन्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर दोन नंबर असतात. लेबलवर छापलेला असतो तो कॅटलॉग नंबर, म्हणजे विक्रीच्या मालाचा नंबर. दुसरा रेघा संपल्यावर लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्टीवर असतो. तिरप्या उजेडात धरला की दिसतो. तो मॅट्रिक्स नंबर. मुद्रण जसजसं होत गेलं तसतसा तो क्रमानं दिलेला असतो.

थोडक्यात, मॅट्रिक्स नंबर म्हणजे रोजकीर्द आणि कॅटलॉग नंबर म्हणजे दुकानाची मालयादी. तेच मुद्रण पुढं दुसऱ्या लेबलवर आलं की मालाचा नंबर बदलतो, पण कीर्दीतला नंबर तोच राहतो. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन संशोधकानं असे नंबर जुळवत जुळवत १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांची मोठी सूची तयार केली. ती १९९४ साली आपल्या मुंबईतूनच प्रसिद्ध झाली. मुंबईत १९९० मध्ये रेकॉर्ड संग्राहकांची एक संस्थाही उभी राहिली आणि संग्राहकांच्या याद्या तिच्या पत्रिकेतून छापल्या जाऊ लागल्या. कुणाच्या तरी कपाटातल्या एका तबकडीवरचा नंबर अशा सूचीतली रिकामी जागा भरतो.

ही ‘कामिनी’ कोण?

१९४९ साली ‘महल’ आला. खेमचंद प्रकाश यांचं संगीत, पडद्यावर मधुबाला. त्यातलं झोपाळ्यावरचं गाणं देशभर घुमलं. पण पहिल्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव! गाणाऱ्या लता मंगेशकरांचा उल्लेखच नव्हता. त्या वेळी हीच रीत होती. रेडिओवर गाणं लागलं तेव्हा श्रोत्यांनी पत्रं पाठवून विचारलं, की हे गातंय कोण? मग नाव शोधून सांगण्यात आलं. पुढं तबकडीवर गायकाचं नाव छापणं रूढ झालं.

लताबाईंचं नाव लोकांनी विचारून घेतलं. त्याच काळात एक-दोन चित्रपटांत गाऊन थांबलेल्या कितीजणींबद्दल कुणी विचारलंच नसेल. तुमच्या खोक्यात गायिकेच्या जागी पात्राचं नाव असलेली रेकॉर्ड निघाली, तर ती चूक समजून बाजूला टाकू नका. जे छापलंय ते तसंच्या तसं लिहा आणि खरं नाव माहीत असेल तर शेजारी वेगळं लिहा.

आवडीची पायरी

आता क्रमवारीचं बघू. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीनं शास्त्रीय संगीताला वर आणावं, ही त्यांची तळमळ. त्यात चित्रपटगीतांवर कात्री चालली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या शेवटी तिथं ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी ‘बहनों और भाइयों’ म्हणायचे (त्यांच्या संबोधनात बहिणी आधी असायच्या, हे आपल्या लक्षात आहेच!) आणि घराघरांत वहीवर पायदानं उतरवली जायची. रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पसंती, यांवरून क्रम ठरायचा.

हा क्रम त्या आठवड्याचा असायचा, हे मात्र विसरायचं नाही. १९५९ चा ‘कागज़ के फूल’ तिकीटबारीवर साफ पडला. त्यात सचिन देव बर्मन यांच्या चालीवर गीता दत्त यांनी गायलेलं गाणं आजही जाणकार जीव लावून ऐकतात. त्या वर्षीच्या धंद्यावरून कुणी घरातल्या रेकॉर्ड ठेवायच्या की टाकायच्या हे ठरवलं असतं, तर ती रेकॉर्ड गेलीच असती.

म्हणून आवडीचे गुण जरूर द्या, पाचपैकी द्या नाहीतर दहापैकी द्या, पण पेन्सिलनं आणि शेजारी तारीख घालून. विशीत पाच गुण मिळवणारं गाणं पन्नाशीत दोनवर येतं, आणि तेव्हा कंटाळवाणी वाटलेली भैरवी आता डोळ्यांत पाणी आणते. शिवाय कमी गुणांच्या तबकडीचीही नोंद तेवढीच पूर्ण हवी. गुण आपल्या मनाचे असतात, नोंद त्या वस्तूची असते.

पंचवीस हजारांचा हिशेब

नोंद नसली की काय होतं, त्याचं एक मोठं उदाहरण आहे. गिनीज बुकाच्या १९७४ च्या आवृत्तीत छापलं गेलं, की लता मंगेशकरांनी १९४८ ते १९७४ या काळात २५,००० गाणी मुद्रित केली. मोहम्मद रफींनी पत्र लिहून हरकत घेतली. त्यांच्या निधनानंतर, १९८४ च्या आवृत्तीत, रफींच्या २८,००० गाण्यांचा दावाही शेजारी आला.

आपण साधा घरचा हिशेब करू. २६ वर्षांचे दिवस साधारण साडेनऊ हजार. २५,००० गाणी म्हणजे रोज अडीचहून जास्त, एकही सुट्टी न घेता! मनाला पटत नाही ना?

हा प्रश्न सुटला तो मोठ्या कार्यालयात बसून नव्हे. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फ़िल्म गीत कोश’ करायला घेतला. चित्रपटगृहात मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, रेकॉर्ड, जाहिराती, देशभरच्या रसिकांची पत्रं, जे मिळेल ते जमवून एकेका चित्रपटाची गाणी, गायक, संगीतकार, गीतकार आणि रेकॉर्ड नंबर लिहीत गेले. १९५१ ते १९६० या दशकाचा खंड १९८० मध्ये आला. पुढं १९३१ ते १९८० अशी पन्नास वर्षं पाच खंडांत पुरी झाली. सुरुवातीच्या कित्येक बोलपटांच्या प्रती आज जगात कुठंही नाहीत. त्यांत कोणती गाणी होती हे आपल्याला कळतं ते अशा नोंदींतून.

गाणी एकेक करून मोजली तेव्हा लताबाईंची हिंदी चित्रगीतं पाच हजारांच्या थोडी पुढं आणि रफींची साडेचार हजारांच्या आसपास निघाली. इतर भाषांतली आणि चित्रपटाबाहेरची धरली तरी २५,००० फार दूर राहतात. १९९१ मध्ये गिनीजनं ती नोंदच काढून टाकली. २०११ साली आशा भोसले यांचं नाव त्यात आलं, तो आकडा होता ११,००० पर्यंत. यानं कुणाचं मोठेपण कमी होत नाही. पाच हजार गाणी खऱ्या नावानिशी समोर असणं हे पंचवीस हजारांच्या ऐकीव आकड्यापेक्षा गायिकेला जास्त मान देणारं आहे.

आपली वही

आता आपल्या खोक्याकडे येऊ. एक जाड वही घ्या आणि प्रत्येक रेकॉर्डसाठी हे रकाने पाडा:

१. आपला अनुक्रमांक. तोच पाकिटावर पेन्सिलनं लिहा, लेबलवर नको.
२. छापलेला नंबर. ७८ ची असेल तर आतला नंबरही, दोन्ही बाजूंचा.
३. गाणं, गायक-गायिका (असल्यास गावासकट), संगीतकार, गीतकार, चित्रपट किंवा नाटक, साल.
४. अवस्था: स्वच्छ, चरे, तडा. हे आवडीच्या गुणांत मिसळायचं नाही.
५. कुणाची, कुठून, कधी आली.
६. आवडीचे गुण आणि तारीख.

कॅसेटच्या बाबतीत आतला कागद उघडून बारीक अक्षरं वाचा. ऐंशीच्या दशकात जुनी गाणी नव्या आवाजात गाऊन घेतलेल्या कॅसेट फार निघाल्या. वर मोठ्या अक्षरात जुन्या चित्रपटाचं नाव असतं आणि खरी गायिका आत कोपऱ्यात सापडते. तिचंच नाव लिहायचं.

७८ च्या रेकॉर्ड लाखेपासून केलेल्या असतात, हातातून पडल्या की फुटतात. त्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा आणि उन्हापासून दूर ठेवा. कॅसेट स्पीकरजवळ ठेवू नका, त्यातल्या चुंबकानं आवाज पुसट होतो.

पाचवा रकाना घरातल्या मोठ्यांना विचारूनच भरावा लागेल. एका रविवारी दहा रेकॉर्ड घ्या, सासूबाईंना नाहीतर आजीला शेजारी बसवा आणि विचारा, ही कधी आणली, कोण ऐकायचं. वही भरली की मग खुशाल ठरवा, काय ठेवायचं आणि काय द्यायचं. देताना रद्दीत घालण्यापेक्षा एखाद्या संग्राहकाकडे किंवा ग्रंथालयाकडे द्या, आणि यादीची एक प्रत सोबत द्यायला विसरू नका.