बाउड्लराइझ

बाउड्लराइझ हे इंग्रजी भाषेतील एक विरळ वापराचे सकर्मक क्रियापद आहे. एखाद्या ग्रंथातील अश्लील, असभ्य अथवा आक्षेपार्ह वाटणारा मजकूर गाळून किंवा सौम्य करून त्याची ‘सोवळी’ आवृत्ती तयार करणे, असा त्याचा अर्थ आहे. इंग्रज संपादक टॉमस बाउड्लर (१७५४–१८२५) यांच्या आडनावावरून ते बनले. बाउड्लरायझेशन हे त्याचे भाववाचक नाम होय.

उगम

बाउड्लर यांचे शिक्षण वैद्यकाचे होते. त्यांचे वडील कुटुंबास शेक्सपियरची नाटके वाचून दाखवीत आणि अनुचित वाटणारा भाग वाचता वाचताच वगळीत. हीच पद्धत पुढे ग्रंथरूपास आली. ‘द फॅमिली शेक्सपियर’ची पहिली आवृत्ती १८०७ मध्ये बाथ येथे चार खंडांत, संपादकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. तीत २० नाटके होती. तिचे संपादन मुख्यतः टॉमस यांची बहीण हेन्रिएटा मारिया (हॅरिएट) हिने केले होते, असे आता मानले जाते. अश्लील स्थळे निवडून वगळायची तर ती आधी कळावी लागतात. अविवाहित स्त्रीने तशी कबुली देणे त्या काळी अशोभनीय ठरले असते, असे निनावीपणाचे कारण अभ्यासक देतात. १८१८ मधील दहा खंडांची, ३६ नाटकांची आवृत्ती टॉमस यांच्या नावाने निघाली. क्रियापदही त्यांच्याच नावाशी जोडले गेले. त्याचा छापील वापर १८३६ मध्ये टॉमस पेरोनेट टॉम्पसन यांच्या लेखनात आढळतो.

संपादनाचे स्वरूप

कुटुंबात मोठ्याने वाचता येणार नाहीत असे शब्द वगळले असल्याचे बाउड्लर यांनी शीर्षकपृष्ठावरच जाहीर केले होते. ईश्वराच्या नावाने काढलेले उद्गार सौम्य करण्यात आले. ‘हेन्री चौथा, भाग २’ मधील डॉल टेअरशीट ही वेश्या नाटकातून वगळली गेली. ‘ऑथेल्लो’ मात्र कितीही काटछाट केली तरी कौटुंबिक वाचनास योग्य ठरणार नाही, हे त्यांना मान्य करावे लागले. कारण तेथे आक्षेपार्ह मजकूर कथानकातच गुंफलेला आहे.

वाङ्मयीन वापर

आज हे क्रियापद बहुधा निषेधाच्या सुरात वापरले जाते. संक्षेपात कसोटी लांबीची असते, येथे ती सभ्यतेची असते. वाचकाला काय पचेल हे संपादक परस्पर ठरवितो, आणि गाळलेले स्थळ दर्शविलेले नसल्यास वाचक उरलेल्या मजकुरालाच मूळ संहिता समजतो, हा मुख्य आक्षेप होय. याउलट कवी स्विनबर्न यांनी १८९४ मध्ये बाउड्लर यांची बाजू घेतली; शेक्सपियर मुलांच्या हाती देणे त्यांच्यामुळे शक्य झाले, असे त्यांचे मत होते.

मराठी पर्याय

मराठीत प्रसंगानुसार ‘सोवळे करणे’, ‘सोज्ज्वळ करणे’ किंवा ‘आक्षेपार्ह भाग गाळणे’ असे म्हणता येते. केवळ ‘काटछाट करणे’ म्हटल्यास त्यामागील नैतिक हेतू व्यक्त होत नाही.